पडदा दक्षिणेला, आप्पा आग्नेयेला

"साहेब, केबल तुमची, पाइप तुम्ही टाकायला लावलेला, प्रोजेक्टर तुम्हीच पसंत केलेला. आन् आता बघा पडद्यावर काय हाय ते."

पडद्यावर काही नव्हतं. नुसता निळा रंग आणि कोपऱ्यात 'नो सिग्नल'. बोलत होते विश्वासराव, माझे गिऱ्हाईक. मंगळवार पेठेत त्यांनी जुन्या जागेवर नवं घर बांधलं होतं आणि आम्ही त्या घराच्या हॉलमध्ये उभे होतो. त्यांचा दुधाचा धंदा, त्यामुळे आवाज पहाटेपासून चढलेला असतो. त्यात दुसऱ्या दिवशी दुपारी फुटबॉलची फायनल होती.

बाहेरगावच्या वाचकांना सांगतो, कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि पेठेच्या तालमीचा संघ फायनलला गेला की त्या पेठेत दुसरं काम होत नाही. इथं तर विश्वासरावांचा मुलगा ओंकार त्या संघाचा गोलकीपर. पण हा सगळा खटाटोप ओंकारसाठी नव्हता. तो होता विश्वासरावांच्या वडिलांसाठी. घरात त्यांना आप्पा म्हणतात. आप्पा स्वतः त्याच तालमीचे जुने गोलकीपर. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना आजार झाला. नजर हळूहळू जात चालली. मैदानावर नेलं तरी काही दिसत नाही, टीव्हीच्या काचेला नाक लावलं तरी दिसत नाही. नातू मोठा होऊन गोलमध्ये उभा राहिला, तो खेळतो कसा हे आप्पांनी एकदाही बघितलेलं नव्हतं. विश्वासराव मैदानावरून येऊन मॅच सांगायचे, आप्पा ऐकून घ्यायचे.

मग एका लग्नात कार्यालयवाल्यांनी भिंतीएवढा स्क्रीन लावला होता. आप्पा त्याच्याकडे बघून म्हणाले, "मलकापूरची आली वाटतं, हिरवं लुगडं नेसून." मलकापूरची म्हणजे त्यांची धाकटी बहीण. खरोखरच ती हिरव्या लुगड्यात होती. विश्वासराव दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात हजर. म्हणाले, "भिंतभर चित्र पायजे. बाकी मला काय समजत न्हाय."

घरात प्रोजेक्टर आणि स्पीकर बसवणं हा माझा धंदा. आधी केबल टीव्हीच्या वायरी ओढत होतो, मग सीसीटीव्ही, आता हे. प्रोजेक्टर विकणं सोपं असतं. अवघड असते ती केबल. चित्राची पेटी, म्हणजे सेट टॉप बॉक्स आणि आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर, पडद्याखाली ठेवतात. प्रोजेक्टर असतो हॉलच्या मागच्या टोकाला, भिंतीवर उंच. पेटीपासून प्रोजेक्टरपर्यंत चित्र न्यायचं तर वायर भिंतीतून वर, छतातून आरपार आणि मागच्या भिंतीवर उतरते. एवढ्या लांबीत साधी तांब्याची एचडीएमआय केबल दमते. चित्रात ठिपके येतात, मध्येच अंधार होतो. म्हणून मी तिथं फायबरची केबल वापरतो. तिच्यात केसाएवढी काच असते आणि चित्र तिच्यातून उजेड होऊन जातं.

ती केबल मी पीओपीचं छत व्हायच्या आधी स्वतः टाकली होती. दक्षिणेच्या भिंतीवर पडदा, त्याखाली पेटी. उत्तरेच्या भिंतीवर प्रोजेक्टर. दोन्ही टोकांना चार-चार हात केबल शिल्लक ठेवली, कारण ऐनवेळी केबल बोटभर कमी पडली की काय होतं ते मी भोगलेलं आहे. टोकांना प्लास्टिक गुंडाळून टेप मारला, म्हणजे पीओपीवाल्यांचं पीठ आत जात नाही. प्रोजेक्टर लावून, चित्र दाखवून मी आजऱ्याला एका काजू कारखान्याच्या कॅमेऱ्यांच्या कामाला गेलो. तिकडंच मला विश्वासरावांचा फोन आला, "चित्र येईना."

आल्याबरोबर माझा पहिला संशय पीओपीवाल्यांवर. हे लोक छताला स्क्रू मारतात तेव्हा आत काय आहे ते बघत नाहीत. दुसरा संशय घरातल्या वायरमनवर. त्याचं नाव बापू. माणूस कामाला वाघ, पण विचारायची सवय नाही. तो शिडीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. प्रोजेक्टर खाली उतरवला, पेटीशेजारी ठेवला, पिशवीतली छोटी केबल लावली. लखलखीत चित्र आलं. म्हणजे प्रोजेक्टर चांगला, पेटी चांगली. दोष छतातल्या केबलचाच. विश्वासरावांचा चेहरा पडला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "छत फोडायचं न्हाय हं. कालच रंग झालाय, उद्या पावणं येणार हायेत."

मी प्रोजेक्टर परत चढवायला शिडीवर गेलो आणि तिथं मला काहीतरी खटकलं. समोरची भिंत चुकीची होती. मी पडदा लावला होता पूर्वेच्या खिडकीच्या उजव्या हाताला. आता तो डाव्या हाताला दिसत होता. येताना दिसलं कसं नाही, असं कुणीही विचारेल. नव्या घरात रोज काहीतरी हलत असतं, आणि माझं लक्ष त्या निळ्या रंगावर होतं.

"पडदा दक्षिणेला होता ना?"

बापूनं विश्वासरावांकडं बघितलं. मग सोफ्यावर शेंगा सोलत बसलेल्या बाई म्हणाल्या, "मीच हलवायला लावला." या मलकापूरच्या आत्या. फायनलसाठी दोन दिवस आधी येऊन राहिलेल्या. "अवो पावणं, आप्पा आता ह्या खुर्चीतच जेवतोय. ताट हितंच येतंय त्याचं. पडदा दक्षिणेला म्हणजे तोंड दक्षिणेला. जित्या माणसानं दक्षिणेकडं तोंड करून घास घ्यायचा व्हय? ती यमाची दिशा. आमच्यात कुणी केलं न्हाय ते."

झालं होतं असं. आत्यांनी हे सांगितल्यावर विश्वासरावांना ते पटलं आणि त्यांनी बापूला बोलावलं. बापूनं पडदा उत्तरेला नेला, प्रोजेक्टर दक्षिणेला नेला, पेटी उचलून उत्तरेला ठेवली. केबल छतात होतीच. दोन्ही टोकं दिसायला सारखी, वर मी शिल्लक ठेवलेली चार हात केबल, त्यामुळे काही कमी पडलं नाही. जुनी भोकं पुट्टीनं बुजवून रंगसुद्धा मारला. सगळं इतकं नीट बसलं की मला फोन करायची गरजच त्यांना वाटली नाही.

मी प्रोजेक्टरच्या टोकावरचं प्लास्टिक पूर्ण सोडवलं. खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, 'सोर्स'. म्हणजे हे टोक पेटीकडचं. ते आता प्रोजेक्टरच्या पोटात होतं.

"बापू, ही केबल एकाच दिशेनं चालते."

"वायर काय एका दिशेनं चालती व्हय साहेब? करंट काय पाटी वाचून जातोय?"

त्याचा राग यावा असं ते बोलणं, पण साध्या वायरीच्या बाबतीत ते बरोबरच आहे. मी त्याला समजावलं. या केबलच्या दोन्ही टोकांत एकेक बारीक चिप असते. पेटीकडची चिप चित्राचा उजेड करते, प्रोजेक्टरकडची उजेडाचं परत चित्र करते. विहिरीवरच्या पाइपाला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो, पाणी वर जातं, खाली येत नाही. तसंच हे. विश्वासरावांचं शेत आहे, त्यांना ते लगेच कळलं.

"मग व्हॉल्व्ह उलटा करू की. काढा, फिरवा, घाला."

तो प्रयत्न आम्ही केला. केबलच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधली. बापू एका बाजूनं ओढायला, मी दुसऱ्या बाजूनं सोडायला. केबल थोडी सरकली आणि अडली. पाइपाला छतात एक कोपरा आहे. मी केबल टाकली तेव्हा तो कोपरा उघडा होता, हातानं टोक वळवून घेतलं होतं. आता त्याच्याखाली पीओपी होतं. टोक त्या कोपऱ्यात येऊन बसलं की पुढं जाणार नव्हतं. बापूनं मनगटाला दोरी गुंडाळली. मी ओरडलो, "सोड. आत काच हाय." जोर लावला असता तर सुलट काय नि उलट काय, केबलच संपली असती. आम्ही हळूच ती होती तिथं परत आणली.

बाकीचे उपाय मी तोंडानंच मोजले. नवी केबल पुण्याहून येणार, तीही फायनल झाल्यावर. तांब्याची लांब केबल दुकानात होती, ती आणून जमिनीवरूनच लावून बघितली. चित्र आलं, पण त्यावर पांढरे ठिपके नाचत होते आणि मध्येच ते जात होतं. धड डोळ्यांच्या माणसाला ते चाललं असतं. आप्पांना त्या ठिपक्यांत बॉल कुठून सापडणार?

"पेटी आन् स्पीकर मागंच नेऊ प्रोजेक्टरजवळ," बापू म्हणाला. "मग लांब केबलच नको."

ही गोष्ट खरी होती आणि मी ती करायला निघालोही होतो. विश्वासरावांनी थांबवलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आप्पा आवाजाकडं वळत्यात ओ. दिसत न्हाय म्हटल्यावर आवाज आला तिकडं मान जाती. मॅच पुढं आन् आवाज पाठीमागं केलासा तर ते मॅचभर पाठीमागंच बघत बसतील. ह्याच्यापेक्षा प्रोजेक्टर नको मग. मी सांगतो की नेहमीसारखं."

ते 'मी सांगतो की' मला लागलं. माझी केबल चुकीची नव्हती, माझं काम चुकीचं नव्हतं, हे सगळं खरं. पण उद्या दुपारी आप्पा त्या खुर्चीत बसून ऐकत राहिले असते तर मला ते कुठंही सांगता आलं नसतं.

स्पीकर पुढं ठेवून वायरी जमिनीवरून आणाव्यात, तर त्या आप्पांच्या पायात येणार. सरळ उपाय एकच. जिथं होतं तिथं सगळं परत न्यायचं. पडदा दक्षिणेला.

"ते सोडून बोला," आत्या म्हणाल्या. शेंगा सोलणं चालूच होतं.

"एक दिवस जेवण आत करतील आप्पा."

"आन् परवा? तेरवा? रोजचं बघणं हाय ते."

मी चिडलो होतो. आपण तांत्रिक माणसं, आपल्याला वाटतं की आपली अडचण खरी आणि बाकीच्यांची उगाच. पण धंदा माणसाला एवढं शिकवतो की गिऱ्हाइकाच्या घरात दिशा त्यांच्या, भिंती त्यांच्या. मी म्हटलं, "मी आप्पांशी बोलू का?" आत्या म्हणाल्या, "बोला की. मी काय वेगळं सांगत न्हाय."

आप्पा आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. पांढरा शर्ट, विजार, खांदे अजून रुंद. मी समोर स्टुलावर बसलो आणि नमस्कार केला. त्यांनी तोंड डावीकडं फिरवलं, कपाटाकडं. मला वाटलं, झालं, हेही रागावलेत. मी केबलचं पुराण सुरू केलं. ते कपाटाकडं बघूनच ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्या खिशातला टेस्टर पडंल. खिसा उसवलाय."

मी खाली बघितलं. खिसा खरंच उसवला होता. शिडीला अडकून आत्ताच.

"तुम्हाला दिसलं?"

"दिसतंय की. समोर बघितलं तर न्हाय दिसत. मधोमध काळा डाग हाय. तुमच्याकडं बघितलं की तुमचं डोस्कंच जातंय. मान हिकडं वळवली की ह्या कडंनं दिसतंय." त्यांनी उजव्या डोळ्याशेजारी बोट ठेवलं. "लोकास्नी वाटतंय म्हातारा तोंड फिरवतोय."

मी विचारलं, "मग पडद्याकडं कसं बघणार?"

"असंच. सरळ बसून काय दिसणार मला? खुर्ची तिरकी करून घेणार. लग्नातबी तसंच बघिटलं."

"आणि दक्षिणेकडं तोंड करून जेवायचं?"

"ते न्हाय जमायचं," आप्पा शांतपणे म्हणाले. "आईनं घातलेली सवय हाय. ती मोडून मॅच बघायची न्हाय मला."

मग उसवलेल्या खिशातून पेन काढलं आणि तळहातावर हॉलचा चौकोन काढला. पडदा दक्षिणेला. आप्पा पडद्यासमोर. आप्पा तोंड डावीकडं वळवतात. दक्षिणेकडं बघणाऱ्याचं डावं म्हणजे पूर्व. म्हणजे तोंड दक्षिणेला नाहीच. दक्षिण आणि पूर्वेच्या मध्ये. पडदा त्यांच्या उजव्या कडेला, जिथून त्यांना दिसतं बरोबर तिथं. उजव्याऐवजी डावी कड चांगली असती तर ते तोंड नैऋत्येला, म्हणजे राक्षसाच्या दिशेला, गेलं असतं आणि मग आत्यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

मी आप्पांना हाताला धरून हॉलमध्ये आणलं. खुर्ची दक्षिणेच्या मोकळ्या भिंतीसमोर ठेवली आणि म्हटलं, "आप्पा, या भिंतीवर पडदा आहे असं समजा. तुम्हाला हवी तशी खुर्ची करून घ्या." त्यांनी खुर्ची डावीकडं वळवली, बसले, थोडी मान आणखी वळवली. तोंड खिडकीच्या कोपऱ्याकडं झालं.

"आत्या, आता सांगा. तोंड कुठं आहे?"

आत्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. उठून आप्पांच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खांद्यावरून बघितलं. खोलीत सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मी इतक्या घरांत कामं केली, पण इन्स्पेक्शनची एवढी धास्ती कधी घेतली नव्हती.

"ही आग्नेय," त्या म्हणाल्या. "आग्नेय म्हंजे अग्नीची जागा. चूल तिथंच मांडत्यात. जेवायला वंगाळ कशी असंल?" आणि मग भावाला म्हणाल्या, "चालतंय रं आप्पा."

विश्वासरावांनी मोठा श्वास सोडला तो मला शिडीजवळ ऐकू आला. माझाही सुटला.

पुढचं काम म्हणजे नुसती हमाली. बुजवलेली भोकं परत पाडताना वहिनींनी ड्रिलखाली स्वतः वर्तमानपत्र धरलं. बापूनं पडदा एकट्यानं खांद्यावर आणला, न सांगता. 'सोर्स' लिहिलेलं टोक पेटीत गेलं, दुसरं प्रोजेक्टरमध्ये. बटण दाबायच्या आधी मी दोन्ही टोकं परत एकदा तपासली, कारण दोरीनं ओढाताण झाली होती आणि काच आत तडकली असली तर हे सगळं फुकट होतं. निळा रंग आला. थोडा वेळ तसाच राहिला. मग बातम्या देणारी बाई आली, भिंतभर, एकही ठिपका नाही. आप्पा कोपऱ्याकडं तोंड करून म्हणाले, "पिवळी साडी." बाईची साडी पिवळीच होती.

दुसऱ्या दिवशी मला जायची गरज नव्हती. पण गेलो. हॉलमध्ये पावण्यांची गर्दी, सगळे पडद्याकडं तोंड करून बसलेले, आणि मधोमध एक म्हातारा खिडकीच्या कोपऱ्याकडं बघत बसलेला. मांडीवर ताट. नव्या माणसाला वाटलं असतं, यांना मॅचमध्ये काही रस नाही.

पहिल्या हाफमध्येच आपल्यावर गोल झाला. सगळं घर कळवळलं. कुणी डोक्याला हात लावला, कुणी समोरच्या टीमला शिव्या घातल्या. त्या गलक्यात आप्पांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "गोल सोडून फुडं आला. कशापायी आला?"

विश्वासरावांनी त्यांच्याकडं बघितलं. कॉमेंट्रीवाला अजून गोल कुणी मारला तेच सांगत होता. ओंकार पुढं आला होता हे कुणीही बोललेलं नव्हतं. विश्वासराव हसायला लागले. आपल्या पोरावर गोल झाला आणि हा बाप डोळे पुसत हसतोय, हे बघून दोनतीन पावणे चक्रावले. मी त्यांना समजावत बसलो नाही.

नंतर आपण बरोबरी केली आणि टायब्रेकरवर हरलो. ओंकार संध्याकाळी बूट हातात घेऊन आला, कुणाकडं न बघता आत चालला होता.

"ये हिकडं," आप्पा म्हणाले. "पयल्या गोलला फुडं का आलास?"

ओंकार थबकला. त्यानं वडिलांकडं रागानं बघितलं. त्याला वाटलं त्यांनीच सांगितलं.

"मी काय बोललो न्हाय," विश्वासराव म्हणाले.

"कुणी सांगितलं न्हाय मला," आप्पा खिडकीच्या कोपऱ्याकडं बघत म्हणाले. "मी बघिटलं." मग थांबून म्हणाले, "टायब्रेकरला एक किक डाव्या हातानं काढलास ती चांगली काढलास."

ओंकारनं बूट दारातच ठेवले आणि त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. मग दोघं बराच वेळ त्या पहिल्या गोलवर भांडत होते. आत्यांनी दोघांनाही तिथंच ताटं आणून दिली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावून त्यावर मोठ्या मराठी अक्षरात लिहितो, 'पेटीकडे' आणि 'प्रोजेक्टरकडे'. आणि पाइप टाकायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारतो, इथं बसून कोण बघणार, आणि जेवणार का. लोक हसतात. हसू देत. छत फोडण्यापेक्षा ते परवडतं.